गुजरातीत बेत कसा सांगावा? सुरतेला जाणाऱ्या मराठी माणसासाठी

३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. तोपर्यंत गोवा, दमण व दीव असा एकच केंद्रशासित प्रदेश होता आणि दमण-दीवमुळे गुजराती ही त्या प्रदेशातल्या घरांमधली एक भाषा होती. आज गोव्यातील मराठी माणसाची या भाषेशी गाठ पडते ती बहुधा कापडाच्या व्यवहारात वा नोकरीच्या निमित्ताने, आणि अशा वेळी गाव पुष्कळदा सुरत असते. सुरतेला मराठी मुळीच परकी नाही. ताप्ती खोऱ्यातून येणाऱ्या जळगाव-सुरत रेल्वेमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे यंत्रमागांच्या या शहरात आली. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत अहिराणी आणि मराठी सर्रास कानी पडते, आणि महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमही आहे. तरीही बाजारात व कारखान्यात व्यवहार गुजरातीत होतो, आणि तेथे सर्वांत आधी लागते ते पुढच्या गोष्टी सांगण्याचे व्याकरण: कधी येणार, काय करणार, काय करायचे आहे.

सुदैवाने या बाबतीत दोन्ही भाषांची घडण जवळजवळ सारखी आहे. मराठीत ‘मी जाईन’, ‘मी जाणार आहे’ आणि ‘मला जायचे आहे’ असे तीन प्रकार आहेत. गुजरातीतही तीनच: ‘हुं जईश’, ‘हुं जवानो छुं’ आणि ‘मारे जवुं छे’. पहिल्यात त्या क्षणी केलेला निर्धार, आश्वासन किंवा अंदाज असतो. दुसऱ्यात आधीच ठरलेला बेत असतो. तिसऱ्यात इच्छा किंवा गरज असते. व्यापाऱ्याने ‘माल मोकलीश’ म्हटले तर त्याने शब्द दिला. ‘माल मोकलवानो छुं’ म्हटले तर पाठवणी त्याच्या नियोजनात आहे. मराठी कानाला हा फरक ‘पाठवीन’ आणि ‘पाठवणार आहे’ यांतल्या फरकाइतकाच परिचित वाटतो.

पण साम्य जिथे फसवे ठरते तिथेच चुका होतात. ‘करीश’ हे रूप ऐकताच मराठी मनाला ‘करशील’ आठवते. गुजरातीत मात्र ‘हुं करीश’ आणि ‘तुं करीश’ दोन्ही बरोबर आहेत. सर्वनाम गाळून कोणी नुसते ‘करीश’ म्हणाले, तर काम कोणी करायचे हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. आदराने बोलताना प्रश्न सुटतो, कारण ‘तमे करशो’ हे वेगळेच रूप आहे. अनोळखी माणसाशी, दुकानदाराशी, वरिष्ठांशी ‘तमे’च वापरावे आणि नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बेन’ जोडावे.

दुसरी अडचण लिंगाची. मराठी ‘जाणार’ बदलत नाही. तो जाणार, ती जाणार, ते जाणार. गुजरातीत पुरुष ‘हुं जवानो छुं’ म्हणतो, तर स्त्री ‘हुं जवानी छुं’ म्हणते, आणि अनेकांसाठी ‘अमे जवाना छीए’ होते. मराठी स्त्रिया सवयीने ‘जवानो’ म्हणून जातात आणि समोरच्याला ते लगेच खटकते.

तिसऱ्या प्रकारात लिंग कर्माकडे जाते. ‘मला नोकरी करायची आहे’ हे ‘मारे नोकरी करवी छे’, ‘मला घर घ्यायचे आहे’ हे ‘मारे घर लेवुं छे’. इथवर मराठीच्या चालीने चालता येते. पण ‘मला चहा प्यायचा आहे’ असे म्हणायचे असेल तर ‘मारे चा पीवी छे’ म्हणावे, कारण गुजरातीत चहा स्त्रीलिंगी आहे. शिवाय येथे ‘मने’ चालत नाही, ‘मारे’च हवे. ‘मने’ आवडीनिवडीसाठी राखून ठेवलेले आहे.

नकाराचे प्रकरण मनोरंजक आहे. मराठीत ‘जाईन’ला सरळ नकार लावता येत नाही, ‘जाणार नाही’ म्हणावे लागते. गुजरातीतही ‘नहीं जईश’ अशुद्ध समजले जाते. ‘हुं नहीं जाउं’ किंवा ‘हुं जवानो नथी’ म्हणतात.

काळवाचक शब्दांत मात्र खरा धोका आहे. गुजराती ‘काले’ म्हणजे काल आणि उद्याही. ‘काले आवजो’ हे ऐकून आपण कालच यायला हवे होते की काय, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात त्याला उद्या बोलावलेले असते. दिवस क्रियापदावरून ओळखायचा, आणि अगदीच शंका असेल तर ‘गई काले’ (काल) की ‘आवती काले’ (उद्या) असे विचारून घ्यायचे. ‘हवे’ हा शब्द त्याहून चकवा देणारा: मराठीत ती इच्छा, गुजरातीत ‘आता’. ‘हवे जवुं छे’ म्हणजे ‘आता जायचे आहे’. सुरतेच्या बोलीत ‘स’चा ‘ह’ होतो, शहराचे नावही ‘हुरत’ होते, त्यामुळे सुरुवातीला कान थोडे अधिक लावावे लागतात.

भविष्य सांगण्याची ही पद्धत सर्व भाषांत सारखी नाही. स्पॅनिश शिकणाऱ्याला पहिल्या काही धड्यांतच ‘बोय आ कोमेर’ शिकवतात: ‘जाणे’ या क्रियापदाच्या रूपापुढे ‘आ’ आणि मूळ क्रियापद, अर्थ ‘मी जेवणार आहे’. गोव्यात पोर्तुगीज जाणणाऱ्यांना ‘वोउ कोमेर’ आठवेल. तेथे ‘आ’ नसतो. मराठी व गुजरातीत ‘जेवायला जातो’ म्हटले की माणूस खरोखर उठून निघाला असा अर्थ होतो, म्हणून स्पॅनिश शिकताना मराठी माणूस येथे अडखळतो. स्पॅनिश ‘पिएन्सो इर’, म्हणजे ‘जाण्याचा विचार आहे’, त्याला सोपे जाते, कारण ‘मारो सुरत जवानो विचार छे’ हे वाक्यही तसेच विचारावर उभे आहे. तिन्ही भाषांत आणखी एक जुळणी आहे: अंदाजासाठी भविष्यकाळच वापरतात. मराठी ‘तो घरी असेल’, गुजराती ‘ते घरे हशे’, स्पॅनिश ‘एस्तारा एन कासा’.

लिपीची भीती बाळगण्याचे कारण नाही. गुजराती अक्षरे बहुतांशी देवनागरीचीच, फक्त शिरोरेषा नाही. दुकानांच्या पाट्या वाचण्याचा सराव केला तर काही दिवसांत ती हाताखालची होते. निरोप घेताना ‘येतो’ऐवजी ‘आवजो’ म्हणावे. त्याचा शब्दशः अर्थ ‘पुन्हा या’ असा आहे.