टर्बो गाडीसाठी कॅमशाफ्ट बदलायचा का? बदलायचा तर कसा निवडायचा?

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनच्या हेडमध्ये फिरणारा दांडा. त्यावरचे उंचवटे, म्हणजे लोब, ठरलेल्या वेळी वॉल्व्ह उघडतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. कंपनीच्या कॅमशाफ्टऐवजी बाजारातला वेगळ्या लोबचा कॅमशाफ्ट बसवला तर ताकद वाढू शकते. पण टर्बो इंजिनाचे गणित साध्या इंजिनापेक्षा वेगळे असते.

कोणते आकडे पाहायचे?

लिफ्ट : वॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो.
ड्युरेशन : वॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो. दोन कॅमशाफ्टची तुलना करताना दोघांचे ड्युरेशन एकाच लिफ्टवर, उदाहरणार्थ १ मिमीवर, मोजलेले आहे का ते पाहा. नाहीतर तुलना फसते.
लोबमधला कोन : इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधले अंतर. दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी किती काळ उघडे राहतात, म्हणजे ओव्हरलॅप किती, हे ड्युरेशन आणि या कोनावर ठरते.

समजा, दोन्ही लोबचे ड्युरेशन २४० अंश आहे. कोन ११० असेल तर ओव्हरलॅप २० अंश येतो. तोच कोन ११४ केला तर १२ अंश.

टर्बोमुळे काय बदलते?

टर्बाइन एक्झॉस्टच्या वाटेत बसलेली असते, त्यामुळे तिच्या अलीकडे दाब साचतो. रस्त्यावरच्या गाडीतला छोटा टर्बो जास्त आरपीएमला पोहोचला की हा दाब अनेकदा इनटेकच्या बूस्टपेक्षाही जास्त होतो. अशा वेळी ओव्हरलॅप मोठा असेल तर जळका वायू उलटा सिलिंडरमध्ये शिरतो. ताजी हवा कमी पडते, तापमान वाढते आणि नॉकिंगचा धोका वाढतो. म्हणून छोट्या टर्बोला मध्यम ड्युरेशन, चांगली लिफ्ट आणि रुंद कोन (सहसा ११२ ते ११६ अंश) मानवतो. मोठ्या टर्बोमागे दाब कमी साचतो, म्हणून त्याला जास्त ड्युरेशन चालते. पण तो उशिरा जागा होतो.

आधी रोजचा रस्ता पाहा

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधून काशिमीरा नाक्याकडे आणि तिथून महामार्गाने मुंबईला जाणारी गाडी बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. तिथे २,००० आरपीएमच्या आसपासचा पिकअप कामाला येतो. फोक्सवॅगन पोलोच्या १.० टीएसआय इंजिनाचा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क १,७५० ते ४,००० आरपीएममध्ये मिळतो, तो अशाच वापरासाठी. लांब ड्युरेशनचा कॅमशाफ्ट ताकद वरच्या आरपीएमकडे ढकलतो. ट्रॅकवर तो फायदा आहे, सिग्नलवर तोटा.

स्प्रिंग विसरू नका

बूस्टचा दाब इनटेक वॉल्व्हच्या पाठीवर पडून तो उघडायला पाहतो. ३० मिमी व्यासाच्या वॉल्व्हवर १ बार बूस्टला हा जोर सुमारे ७ किलो भरतो. लिफ्ट किंवा आरपीएम वाढवणार असाल तर योग्य जोराच्या स्प्रिंग आणि रिटेनर हवेतच. शिवाय वॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे मोजून घ्यावे लागते. तो लागला तर हेड उघडण्याचा खर्च कॅमशाफ्टच्या किमतीपुढे जातो.

तुमच्या इंजिनात बसतो का?

अनेक नव्या इंजिनांत कॅमशाफ्ट सुटा मिळत नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ईए२११ मालिकेत दोन्ही कॅमशाफ्ट त्यांच्या हाउसिंगमध्येच बसवलेले असतात. ते वेगळे काढता येत नाहीत. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर बहुधा कॅमशाफ्टवरचाच एक लोब हाय-प्रेशर फ्युएल पंप चालवतो. नव्या कॅमशाफ्टवर तोही जुळायला हवा. व्हेरिएबल टायमिंग असेल तर ईसीयूचे ट्यूनिंग पुन्हा करावे लागते.

कायदा आणि पीयूसी

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मोठ्या ओव्हरलॅपमुळे आयडलिंगला न जळलेले पेट्रोल बाहेर पडते आणि पीयूसीत हायड्रोकार्बनचा आकडा वाढतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात अडचण ठरू शकतो.

मग काय करावे?

मूळ टर्बो आणि रोजचा शहरातला वापर असेल तर कॅमशाफ्टला हात न लावणेच बहुतेकांसाठी बरे. आधी इंटरकूलर, प्लग आणि टायमिंग चेन किंवा बेल्ट सुस्थितीत आहेत का ते पाहा. टर्बो मोठा केला आहे, इंजिन वरच्या आरपीएमला हवेसाठी अडते आहे हे डायनोवर दिसले आहे आणि गाडी मुख्यतः ट्रॅकसाठी आहे, अशा वेळीच नवा कॅमशाफ्ट पैसे वसूल करून देतो. तेव्हाही ज्याने टर्बो निवडला आणि जो ट्यूनिंग करणार आहे, त्याच्याकडूनच कॅमशाफ्टचे आकडे ठरवून घ्या.