अव्वल घोडा माघार घेतो तेव्हा...
शर्यतीच्या समालोचकाची कसोटी

शुक्रवार, ८ जून २०१२. न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्क रेसकोर्सवर दुसऱ्या दिवशी होणाऱ्या बेलमाँट स्टेक्सची तयारी पूर्ण झाली होती. ‘आयल हॅव अनदर’ या घोड्याने त्या वर्षीची केंटकी डर्बी आणि प्रीकनेस स्टेक्स या दोन्ही शर्यती जिंकल्या होत्या. तिसरी जिंकली असती, तर अमेरिकी अश्वशर्यतींतील सर्वोच्च मानला जाणारा ‘ट्रिपल क्राउन’ १९७८ मधील ‘अफर्म्ड’नंतर प्रथमच एखाद्या घोड्याच्या नावावर लागला असता. मधल्या काळात अकरा घोड्यांनी पहिल्या दोन शर्यती जिंकून तिसरी गमावली होती. म्हणूनच या खेपेस उत्सुकता शिगेला पोहोचली होती. परंतु त्या शुक्रवारी प्रशिक्षक डग ओनील यांनी जाहीर केले, की घोड्याच्या डाव्या पुढच्या पायाच्या कंडरेला इजा झाली असून तो धावणार नाही. पहिल्या दोन शर्यती जिंकलेला घोडा बेलमाँटला उतरलाच नाही, असे १९३६ मधील ‘बोल्ड व्हेंचर’नंतर प्रथमच घडत होते.

शर्यत अर्थातच रद्द झाली नाही. उरलेले अकरा घोडे धावणार होते, त्यांच्यावर पैसे लागणार होते आणि दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणही ठरल्याप्रमाणेच होणार होते. रेसकोर्सवरील ध्वनिक्षेपकावर टॉम डर्किन आणि ‘एनबीसी’ वाहिनीवर लॅरी कॉल्मस हे समालोचक होते. ज्या घोड्यासाठी लोक आले होते, तोच नसलेल्या शर्यतीचे वर्णन त्यांना करायचे होते. अश्वशर्यतीच्या समालोचनातील ही सर्वांत अवघड अवस्था होय.

दोन मिनिटांची विद्या

क्रिकेटच्या समालोचकाला दोन चेंडूंमध्ये उसंत मिळते. चूक झाली तरी ती दुरुस्त करायला सवड असते. अश्वशर्यतीच्या समालोचकाला ती मुभा नाही. दहा फर्लांगांची केंटकी डर्बी सुमारे दोन मिनिटांत संपते. तेवढ्या वेळात वीसपर्यंत घोडे ओळखायचे, त्यांची जागा, परस्परांतील अंतर आणि चालीतील बदल सांगायचा आणि अखेरच्या शंभर यार्डांत विजेत्याचे नाव चुकवायचे नाही, असे हे काम आहे. हातात दुर्बीण असते. पण भिस्त असते ती स्मरणशक्तीवर. घोड्यांचे रंग दुरून सारखेच दिसतात. म्हणून समालोचक जॉकीच्या रेशमी सदऱ्याचा रंग, त्यावरील पट्टे वा ठिपके आणि टोपी यांची घोड्याच्या नावाशी सांगड घालतो. शर्यत संपली, की ती सांगड पुसून टाकायची आणि पुढच्या शर्यतीची नवी यादी पाठ करायची. एका दिवसात असे आठ-दहा वेळा घडते.

अमेरिकेत रेडिओवरून केंटकी डर्बीचे प्रक्षेपण १९२५ मध्ये प्रथम झाले. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९२७ मध्ये ग्रँड नॅशनलचे पहिले धावते वर्णन ऐकवले. त्याच वर्षी शिकागोजवळच्या आर्लिंग्टन पार्कवर क्लेम मॅकार्थी यांनी ध्वनिक्षेपकावरून समालोचन सुरू केले. पुढे ते अमेरिकेतील सर्वाधिक ओळखीच्या आवाजांपैकी एक झाले. या कामातील धोकाही त्यांच्याच उदाहरणावरून समजतो. १९४७ च्या प्रीकनेस शर्यतीत वळणावर घोडे क्षणभर दृष्टीआड झाले आणि त्यांनी ‘फॉल्टलेस’ऐवजी ‘जेट पायलट’ला विजेता घोषित केले. चूक लक्षात येताच मॅकार्थी यांनी ती त्याच प्रक्षेपणात मान्य केली.

घोडा गळतो, क्रमांक राहतो

एखादा घोडा शर्यतीतून काढून घेतला, की अमेरिकेत तो ‘स्क्रॅच’ झाला, ब्रिटनमध्ये ‘नॉन-रनर’ झाला असे म्हणतात. मुंबईत महालक्ष्मीला किंवा पावसाळी हंगामात पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना ‘विथड्रॉन’ हा शब्द परिचित आहे. हा निर्णय मालक व प्रशिक्षक घेऊ शकतात, तसाच शर्यतीचा पशुवैद्यही घेऊ शकतो. निर्णय आठवडाभर आधी होऊ शकतो, त्याच दिवशी सकाळी होऊ शकतो आणि घोडा सुटण्याच्या फाटकात शिरल्यावरही होऊ शकतो.

घोषणा साधी असते : शर्यत क्रमांक, घोड्याचा क्रमांक, नाव. परंतु तिचे परिणाम दूरवर जातात. अमेरिकेतील टोट पद्धतीत माघार घेतलेल्या घोड्यावर लावलेले साधे पैसे परत मिळतात. अनेक शर्यतींचे विजेते एकत्र ओळखण्याच्या ‘पिक सिक्स’सारख्या प्रकारात मात्र ते तिकीट सहसा ऐनवेळच्या सर्वाधिक पसंतीच्या घोड्याकडे वळते. ब्रिटनमध्ये बुकींनी आधीच ठरवून दिलेले भाव असतात. अव्वल घोडा गळाल्यावर उरलेल्यांची जिंकण्याची शक्यता वाढते, म्हणून ‘नियम चार’नुसार त्यांच्या जिंकलेल्या रकमेतून ठराविक कपात होते. गळालेला घोडा जितका पसंतीचा, तितकी कपात मोठी. अशा वेळी घोषणेत संदिग्धता राहिली, तर नुकसान प्रेक्षकाच्या खिशाला होते.

समालोचकाचेही गणित बदलते. उरलेल्या घोड्यांच्या पाठीवरील कापडाचे क्रमांक कायम राहतात. फाटकातील जागा मात्र आत सरकतात. राखीव यादीतील घोडा ऐनवेळी आत आला, तर नवा सदरा आणि नवे नाव पाठ करावे लागते. याहून मोठा बदल मनातला असतो. समालोचकाने घोडे ओळखण्याची जी मांडणी मनात केलेली असते, तिच्या मध्यभागी तो अव्वल घोडा असतो. ‘तो कुठे आहे’ या प्रश्नाभोवती उरलेल्यांच्या जागा ठरलेल्या असतात. तो नाहीसा झाला, की सगळी मांडणी नव्याने करावी लागते.

सीबिस्किटची अनुपस्थिती

याचे जुने आणि ठळक उदाहरण १९३८ चे आहे. ‘सीबिस्किट’ आणि ‘वॉर ॲडमिरल’ या दोन घोड्यांची गाठ पडावी, अशी अवघ्या अमेरिकेची इच्छा होती. बेलमाँट पार्कवर मे महिन्याअखेरीस ठरलेली त्यांची झुंज सीबिस्किट तंदुरुस्त नसल्याने रद्द झाली. जूनमध्ये बोस्टनच्या सफक डाउन्सवर मॅसॅच्युसेट्स हँडिकॅपमध्ये दोघे उतरणार होते. तेथेही शर्यतीच्या काही वेळ आधी पायाच्या दुखण्यामुळे सीबिस्किटला माघारी घेण्यात आले. आता वॉर ॲडमिरलचा विजय निश्चित, असे सर्वांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात ‘मेनाउ’ जिंकला आणि वॉर ॲडमिरल पहिल्या तिघांतही आला नाही. एक तारा मावळला म्हणून दुसरा आपोआप चमकत नाही, हा धडा त्या दिवशी मिळाला. अखेर १ नोव्हेंबर १९३८ रोजी पिम्लिकोवर दोघे समोरासमोर आले, मॅकार्थी यांनी वर्णन केले आणि सीबिस्किटने चार लेंग्थने बाजी मारली. दोनदा माघार घेतली नसती, तर तो कदाचित या दिवसापर्यंत टिकलाही नसता.

धावता धावता...

माघार शर्यतीपूर्वी झाली, तर समालोचकाला निदान काही तास मिळतात. शर्यत चालू असतानाच अव्वल घोडा गळाला, तर काही सेकंदच मिळतात.

१९६७ च्या ग्रँड नॅशनलमध्ये ऐनट्रीच्या तेविसाव्या अडथळ्यापाशी जॉकी नसलेला एक घोडा आडवा धावला आणि जवळजवळ सगळे घोडे एकमेकांत अडकले. सर्वाधिक पसंतीचा ‘हनी एंड’ही त्यात होता. एकास शंभर भावाचा ‘फॉइनेव्हन’ मागून आला आणि त्या गोंधळातून वाट काढून एकटा पुढे गेला. त्या भागाचे वर्णन आयर्लंडचे मायकेल ओहेअर बीबीसीवर करत होते. कोणी गृहीतही न धरलेला हा घोडा त्यांनी तत्काळ ओळखला. शर्यतीपूर्वी जॉकींच्या खोलीत फेरी मारताना एका जॉकीच्या अंगावरचे रंग छापील माहितीशी जुळत नसल्याचे त्यांनी पाहिले होते आणि त्याला विचारून खात्री करून घेतली होती. अव्वल घोड्यांइतकाच शेवटच्या घोड्याचाही अभ्यास करावा लागतो, तो अशा क्षणासाठी. त्या अडथळ्याला पुढे फॉइनेव्हनचेच नाव देण्यात आले.

सर्वच प्रसंग असे सुखान्त नसतात. ६ जुलै १९७५ रोजी बेलमाँट पार्कवर, तोवर एकही शर्यत न हरलेली ‘रफियन’ ही घोडी आणि डर्बीविजेता ‘फूलिश प्लेझर’ अशी दोघांचीच शर्यत होती. अर्ध्या मैलाच्या आतच रफियनचा पुढचा पाय मोडला. स्पर्धक उरलाच नव्हता, तरी फूलिश प्लेझर विजयी खांबापर्यंत एकटा धावत गेला. रफियनवर शस्त्रक्रिया झाली. पण तिला वाचवता आले नाही.

२० मे २००६ रोजी पिम्लिकोवर प्रीकनेसचे वर्णन ‘एनबीसी’वर टॉम डर्किन करत होते. सलग सहा शर्यती जिंकलेल्या ‘बार्बारो’ने दोनच आठवड्यांपूर्वी केंटकी डर्बी साडेसहा लेंग्थने जिंकली होती. प्रीकनेसमध्ये तो वेळेआधीच फाटक ढकलून बाहेर पडला. तपासून त्याला पुन्हा आत घेण्यात आले. शर्यत सुटली आणि पहिल्याच टप्प्यात जॉकी एडगर प्राडो यांनी लगाम खेचला. बार्बारोच्या उजव्या मागच्या पायाची हाडे मोडली होती. समोर मैलाहून अधिक शर्यत शिल्लक होती आणि लाखभर प्रेक्षकांची नजर मात्र मागे थांबलेल्या घोड्यावर खिळली होती. ‘बर्नार्डिनी’ सव्वापाच लेंग्थने जिंकला. त्याच्या विजयाचा जल्लोष कोणाच्याही स्मरणात राहिला नाही. बार्बारोची झुंज २९ जानेवारी २००७ पर्यंत चालली आणि त्या दिवशी त्याला वेदनामुक्त करण्यात आले.

अशा वेळी समालोचकाने काय करावे, याचे संकेत अनुभवातून ठरत गेले आहेत. अव्वल घोडा थांबला, तर तो थांबला एवढे लगेच व स्पष्ट सांगावे. दुखापतीचे निदान आपण करू नये. ते पशुवैद्याचे काम. त्यानंतर पुढे धावणाऱ्या घोड्यांकडे परतावे, कारण त्यांचे जॉकीही जीव धोक्यात घालूनच धावत असतात. आवाज उंचावू नये आणि शर्यत संपल्यावर विजेत्याचा मान हिरावूही नये. हे लिहिणे सोपे आहे. या कामाच्या ताणाविषयी डर्किन पुढे उघडपणे बोलले आणि २०११ मध्ये, त्याच कारणावरून, ट्रिपल क्राउनच्या राष्ट्रीय प्रक्षेपणातून त्यांनी स्वतःच माघार घेतली. त्या जागी कॉल्मस आले.

माघारीचा अर्थ

बार्बारो आणि ‘आयल हॅव अनदर’ यांच्या कथा शेजारी ठेवल्या, की घोषणेचे मोल कळते. एकाची माघार धावता धावता झाली, दुसऱ्याची एक दिवस आधी. पहिल्याचा जीव गेला. दुसऱ्याचा शर्यतीच्या दिवशी निरोपाचा खोगीर उतरवण्याचा विधी झाला आणि पुढे तो प्रजननासाठी जपानला गेला. प्रेक्षकांची निराशा खरीच होती. पण ती घोड्याच्या जिवाच्या बदल्यात आलेली नव्हती.

अलीकडे हा विचार अधिक प्रबळ झाला आहे. २०१९ मध्ये ‘ओमाहा बीच’ हा पसंतीचा घोडा श्वसनमार्गातील दोषामुळे डर्बीच्या तीन दिवस आधी बाहेर पडला. २०२३ मध्ये तर डर्बीच्या दिवशी सकाळी, उजव्या पुढच्या खुराला मार लागल्यामुळे, ‘फोर्टे’ या अव्वल घोड्याला सरकारी पशुवैद्याने धावू दिले नाही. त्या आठवड्यात बाहेर पडलेला तो पाचवा घोडा होता. अठराच घोडे धावले आणि ‘मेज’ जिंकला. डर्बीपर्यंतच्या काही दिवसांत चर्चिल डाउन्सवर सात घोडे दगावले होते. त्या पार्श्वभूमीवर मालकाच्या व प्रेक्षकांच्या इच्छेविरुद्ध घेतलेला हा निर्णय होता. फोर्टे पाच आठवड्यांनी बेलमाँटमध्ये उतरला आणि दुसरा आला.

राहता राहिली २०१२ ची बेलमाँट स्टेक्स. तारा नसलेली ती शर्यत नीरस होईल, असा अंदाज होता. ‘पेंटर’ने आघाडी घेतली आणि ती जवळजवळ शेवटपर्यंत टिकवली. अखेरच्या क्षणी ‘युनियन रॅग्ज’ आतल्या कठड्यालगतच्या अरुंद फटीतून पुढे आला आणि मानेच्या अंतराने जिंकला. त्याचे प्रशिक्षक होते मायकेल मॅट्झ. सहा वर्षांपूर्वी पिम्लिकोवर ज्यांचा बार्बारो थांबला होता, तेच.

ट्रिपल क्राउनची प्रतीक्षा आणखी तीन वर्षे चालली. ६ जून २०१५ रोजी ‘अमेरिकन फेरो’ बेलमाँटमध्ये साडेपाच लेंग्थने जिंकला आणि सदतीस वर्षांचा खंड संपल्याचे कॉल्मस यांनीच देशाला सांगितले.