फोटोच्या पाठीमागचं गाव

आमच्या मोशीत जुन्या माणसांना साल विचारलं, तर आकडा मिळत नाही. "एचे सुरू झाली तवा थोरला रांगत व्हता," असं उत्तर येतं. एचे म्हणजे पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पुढच्या वर्षी तिथून पेनिसिलिन निघू लागलं आणि पंचक्रोशीतल्या लोकांचं पंचांगच बदललं. मग बजाज आली, भोसरीची एमआयडीसी आली, टेल्को आली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. १९९७ साली मोशी, चिखली, चऱ्होली ही गावंही तिच्या हद्दीत गेली. आमचे थोरले तात्या ते वर्ष असं सांगायचे: "त्या साली सरपंच गेला आन नगरसेवक आला."

या बदलाचे फोटो भरपूर आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत सुनील जाना यांनी धरणं आणि पोलादाचे कारखाने टिपले. मित्तर बेदी यांनी मुंबईत औद्योगिक छायाचित्रणाला स्वतंत्र व्यवसायाची प्रतिष्ठा दिली. प्रचंड यंत्र, त्यावर पडलेला प्रकाश आणि शेजारी उभा माणूस. त्या चित्रांत नव्या देशाची उमेद आहे आणि ती खरी होती. आमच्या गावातल्या कितीतरी घरांत पहिला महिनेवारी पगार याच यंत्रांमुळे आला. पण तो कॅमेरा गेटच्या आत उभा होता. गेटखाली कोणाचं खळं गेलं, कोणती विहीर बुजली, हे त्यात दिसत नाही. ते पाहायचं तर घराघरातल्या पत्र्याच्या ट्रंका उघडाव्या लागतात. जुने फोटो जमवायला लागल्यापासून मी तेच करत आलो आहे.

या ट्रंकांत बैल फार. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी मारलेली, गुलालानं माखलेली जोडी आणि तिच्या भोवती फेटेवाले. असा एक फोटो मी तात्यांपुढे धरला, तेव्हा त्यांनी बैलांकडे पाहिलंच नाही. "मागचं बघ लेका. ती बाभळ दिसती का? तिच्या अंगाला आपली ईहीर. मोट व्हती तिच्यावर." फोटो काढणाऱ्यानं जे टिपायचं ठरवलंही नव्हतं, ते तात्यांना पहिल्यांदा दिसलं. त्यांनी बोट ठेवेपर्यंत मला ती नुसती धूसर काळी रेघ होती. म्हाताऱ्याच्या बोटाशिवाय जुना फोटो मुका असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बैलांचे इतके फोटो, पण आजीचा एकटीचा पहिला फोटो निघाला तो मतदार ओळखपत्रासाठी. शेतात वाकलेली, डोक्यावर मेथीच्या जुड्यांची पाटी घेतलेली आजी कुठल्याच अल्बममध्ये नाही. जमीन गेल्याची गोष्ट पुरुष भावाची सांगतात. एकराला किती मिळाले, वाढीव मोबदल्याचा दावा कुठवर गेला, साडेबारा टक्के जमिनीचा परतावा कुणाला मिळाला न् कुणाला नाही. आजी निराळंच सांगायची. "शेत व्हतं तवा भाजी इकून माझ्या कनवटीला पैसं असायचं. पगार आला तो तुझ्या आजाच्या नावानं." पगारानं घर पक्कं झालं, पोरं शिकली, आणि त्याच वेळी घरातल्या बाईच्या हातातली स्वतःची कमाई गेली. या भागाच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे. तिचा एकही फोटो नाही. आजी बोलली नसती, तर ती घडली होती हेही आम्हाला कळलं नसतं.

फोटोंची एक साखळी मात्र आपसूक जमली आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं पुण्याकडे जाते. वाट तीच, तिथी तीच, आणि दर वर्षी कुणी ना कुणी रस्त्याकडेला उभं राहून तिचा फोटो काढलेला असतो. ते फोटो ओळीनं लावले की मागचं गाव पुढं सरकताना दिसतं. आधी उघडं शिवार, मग कारखान्याची भिंत, मग दुकानांच्या पाट्या, मग उड्डाणपूल. ६ मार्च २०२२ ला पिंपरीहून मेट्रो सुरू झाली. आता त्या मार्गिकेचे खांबही चौकटीत आले. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, म्हणून त्या जागी दोन वर्षांची पोकळी आहे. भक्तीपोटी काढलेल्या या फोटोंनी कुणी न सोपवलेलं काम केलं. ते एकत्र यायला हवेत.

मोशीची इंद्रायणी ओलांडून नाशिक रस्त्यानं पुढं गेलं की चाकण. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध झुंजवलेला संग्रामदुर्ग इथलाच, आणि कांद्याची नामांकित बाजारपेठही इथलीच. पिंपरीला जे व्हायला दोन पिढ्या लागल्या, ते इथं एका पिढीत झालं. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, जवळच मर्सिडीज आली, महिंद्राही आली. त्या बाजूला दिलेली माझी आत्या "शिक्के पडले" या दोन शब्दांत सगळं सांगते. सातबाऱ्यावर एमआयडीसीचा शिक्का पडला की जमीन कसायला आपली, पण विकायला किंवा कर्ज काढायला आपली नाही. काही घरांत ट्रॅक्टर गेला आणि गाडी आली. काही घरांत दोन्ही नाही. उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या, त्यांत लातूर-बीडची, बिहार-ओडिशाची पोरं भाड्यानं राहतात. आत्या त्यांच्याबद्दल मायेनं बोलते. "त्यांचंबी शेत कुठंतरी मागं राहिलंय," म्हणते. तिनं हे म्हटल्यापासून मी या खोल्यांतल्या मुलांचेही फोटो काढतो. उद्या या पट्ट्यातली जुनीजाणती माणसं तीच असणार आहेत.

संदेश भंडारे यांनी तमाशा फडांचं छायाचित्रण केलं, सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं. दोघांच्या कामातून मी एक गोष्ट शिकलो: माणसाचं नाव, काम आणि त्याचं म्हणणं कळल्याशिवाय त्याचा फोटो पुरा होत नाही. आपल्या पट्ट्यात अशा कामाला मोठ्या कॅमेऱ्याची गरज नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे अल्बम उघडा, मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहा: माणसांची नावं, शेताचं नाव, विहीर कुणाची, आता तिथं कोणता प्लॉट. बायकांना आधी विचारा, कारण त्यांचे फोटो कमी आणि आठवणी जास्त आहेत. कारखान्यांचा इतिहास त्यांच्या अहवालांत सुरक्षित राहील. शिवाराचा इतिहास आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसांच्या तोंडी आहे, आणि तो उतरवून घेणं हे आपल्या पिढीचं काम आहे. येत्या दिवाळीला सगळे घरी जमतील, तेव्हाच सुरुवात करा.