सहाव्या वर्षाची वेस

'बिगरी' हा शब्द आता जवळजवळ मोडीत निघाला आहे. ज्यांचे शिक्षण गावातल्या कौलारू शाळेत सुरू झाले, त्या पिढीला तो आठवत असेल. पहिलीत बसण्याइतके वय न झालेले मूल मोठ्या भावंडाचे बोट धरून शाळेत यायचे आणि मास्तर त्याला कोपऱ्यात बसवून ठेवायचे. तो कोपरा म्हणजे बिगरी. शब्दाची फोड सरळ आहे : बिगर इयत्ता, इयत्ता नसलेली इयत्ता. मूल शाळेत आहे, पण शाळेच्या लेखी नाही.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास वाचताना हा कोपरा मला पुन्हा पुन्हा दिसत राहिला. जन्मापासून सात-आठ वर्षांपर्यंत मुलाची वाढ एकसंध होत असते. ते आज रांगते, उद्या चालते, परवा बोलते. यातली कोणतीही पायरी आधीचीला सोडून येत नाही. व्यवस्थेने मात्र या वाढीच्या मधोमध, सहाव्या वर्षापाशी, एक वेस उभी केली. वेशीच्या अलीकडे 'सांभाळ', पलीकडे 'शिक्षण'. ही वेस कशी उभी राहिली, ती ओलांडण्याचा प्रयत्न आपल्याकडे कोणी केला आणि त्या प्रयत्नाचे पुढे काय झाले, हे या लेखात पाहायचे आहे.

घराचे पंचांग, शाळेचा हजेरीपट

लहान मुलाच्या वाढीचे ज्ञान आपल्या समाजात नव्हते, असे म्हणता येणार नाही. घराघरांत त्याचे एक पंचांगच होते. पाचवीची पूजा, बारसे, मूल पालथे पडणे, बसते होणे, उष्टावण, जावळ, पहिले पाऊल. प्रत्येक टप्प्याला नाव होते आणि बहुतेकांना सोहळा होता. आजीला मूल कधी काय करू लागेल याचा नेमका अंदाज असे. तथापि हे ज्ञान मुख्यतः मूल जगवण्याचे होते. ज्या काळात पाळण्यातली कितीतरी मुले पहिला वाढदिवसही पाहत नसत, त्या काळात ते स्वाभाविकच होते. सटवाई मुलाच्या कपाळी नशीब लिहून जाते, या समजुतीत ती असहायता उतरली आहे.

दुसऱ्या टोकाला शाळा होती. पंतोजीच्या शाळेत मूल पाच-सहा वर्षांचे झाले की धूळपाटीवर अक्षर गिरवायला बसे. मुंज आठव्या वर्षी, आणि तीही मोजक्या जातींतल्या मुलग्यांची. पाच वर्षे लाड करावेत आणि पुढची दहा वर्षे छडी उगारावी, असे सांगणारे संस्कृत सुभाषित सर्वांना परिचित आहे. दोन ते सहा या वयातले मूल मात्र घराच्या पंचांगातून बाहेर पडलेले आणि शाळेच्या हजेरीपटावर न चढलेले असे अधांतरी राहिले. ते खेळते, एवढीच त्याची नोंद.

सक्तीच्या शिक्षणाची मागणी पुढे आली, तेव्हाही लक्ष वेशीच्या पलीकडेच होते. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे मागितले. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना शाळेची दारेच बंद असताना आधी ती उघडण्याची मागणी होणे रास्तच होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेल्या विधेयकात सक्तीचे वय सहा ते दहा होते. पुढच्या वर्षी ते विधेयक फेटाळले गेले. १९३७ च्या वर्धा योजनेने सुरुवात सातव्या वर्षी धरली. शिक्षण किती वर्षे असावे, यावर वाद झाले. ते केव्हा सुरू होते, हा प्रश्न मागेच राहिला.

भावनगरहून दादरला

हा प्रश्न विचारणारी माणसे वेगळ्या वाटेने आली. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. मूळच्या त्या वैद्यकातल्या. मुलाला शिकवण्याआधी त्याचे निरीक्षण करावे, ही शिस्त त्यांनी दवाखान्यातून वर्गात आणली. मुलाच्या वाढीत विशिष्ट कौशल्यांना अनुकूल असे काळ येतात, त्या काळात योग्य साधन हाती आले तर मूल स्वतःच शिकते, हे त्यांच्या विचाराचे सूत्र.

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे सौराष्ट्रातले वकील. १९१३ मध्ये मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या विचारातून ते माँटेसरींच्या ग्रंथांपर्यंत पोचले. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. गुजरातने त्यांना 'मूंछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, ही पदवी दिली. प्रेमाचीच ती, पण लहान मुलांचे सारे करणे हे बाईचेच काम, ही समजूतही तिच्यात डोकावते.

१९२३ साली ताराबाई मोडक या कामात आल्या. १८९२ मध्ये मुंबईत प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या ताराबाईंचे लग्न मोडले होते, पदरी मुलगी होती, आणि राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद हाताशी होते. ते सोडून त्या भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार उभा राहिला. बालशिक्षण हा शब्द मराठी मध्यमवर्गात रुळला तो मुख्यतः या काळात.

येथेच एक अडचण स्पष्ट झाली. माँटेसरींची साधने महाग होती, बालमंदिरे शहरात होती आणि त्यांत येणारी मुले बहुधा सुखवस्तू घरांतली होती. गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत आपल्याकडे येईपर्यंत श्रीमंतांची झाली होती. ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी दादर सोडून समुद्रकाठचे बोर्डी गाठले, त्यामागे ही अस्वस्थता होती, असे मला वाटते.

बोर्डीचे अंगण

१९४५ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची व्याप्ती आयुष्यभराची केली. त्यामुळे सातव्या वर्षाआधीचे मूलही तिच्यात आले. कस्तुरबांच्या निधनानंतर खेड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी निधी उभा राहिला होता आणि ग्रामसेविकांची शिबिरे भरत होती. बोरिवलीच्या अशाच शिबिरात अनुताई वाघ आणि ताराबाई यांची गाठ पडली. अनुताई १९१० च्या, पुण्याच्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या आणि शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या. त्याच वर्षी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

आणि त्याच वर्षी त्याच मुलखात, डहाणू-उंबरगाव पट्ट्यात, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनीही सावकाराच्या दारी राबायचे, अशी 'लग्नगडी' पद्धत तेथे होती. अशा घरातले मूल जन्मतःच कर्जात असे, आणि हातात काठी धरता आली की गुरांमागे जाई. बालशिक्षणाच्या इतिहासात या उठावाचा आणि उठावाच्या इतिहासात बालवाडीचा उल्लेख क्वचितच येतो. वेठ न मोडता बालवाडी रुजली असती, असे मला वाटत नाही. आणि नुसती वेठ मोडल्याने तीन वर्षांच्या मुलाच्या हाती काही आले असते, असेही नाही.

केंद्राची बालवाडी सुरू झाली, पण वस्तीतली मुले तिच्याकडे फिरकेनात. मग ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. शिक्षिका पाड्यावर जाऊन बसू लागल्या. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, खेळ, असा तो कार्यक्रम. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे आणि माती आली. शिंपल्यांतून लहान-मोठे कळते, बियांतून मोजणी येते, पानांतून आकार आणि रंगांच्या छटा. तत्त्व माँटेसरींचेच, द्रव्य किनाऱ्याचे. यातून 'अंगण-बालवाडी' ही कल्पना जन्मली.

आज या प्रयोगाकडे पाहताना काही प्रश्न पडतात. आंघोळ आणि नखे यांवरच्या भरात स्वच्छतेची मध्यमवर्गीय कल्पना होती का? घरी वारली बोलणाऱ्या मुलाला गाणी मात्र प्रमाण मराठीत मिळत होती का? हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण खरूज झालेल्या मुलाला आंघोळ घालणारा हात आणि त्याला घाणेरडे म्हणून दूर बसवणारा हात, हे दोन्ही एकाच तागडीत घालता येणार नाहीत.

पाठीवरचे मूल

१९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर हलले. बालवाडीच्या पलीकडे जाऊन संपूर्ण वेशीचाच विचार झाला तो येथे.

गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळा कुरणात भरवावी, ही 'कुरणशाळा'. त्याहून मूलगामी होती 'विकासवाडी'. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा तिच्यात एकत्र आणली होती. वरवर ही जागेची सोय वाटते. तिच्यामागचे निरीक्षण मात्र फार खोल होते. आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? आई मजुरीला गेलेली असते आणि धाकटे भावंड तिच्या कडेवर असते, म्हणून. ते कडेवरचे मूल पाळण्यात ठेवायची सोय झाली, तर तिचे दोन्ही हात मोकळे होतात. म्हणजे पाळणाघर हे तान्ह्या बाळासाठी असतेच, तसे ते त्याच्या बहिणीच्या पाटी-पेन्सिलीसाठीही असते.

दुसरी गोष्ट शिकण्याच्या क्रमाची. पाळण्यातून बालवाडीत, बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाला परके वाटू नये. तीच माणसे, तेच आवार, ओळखीची गाणी. सहाव्या वर्षी खेळ संपला आणि अभ्यास सुरू झाला, असा तुटक अनुभव त्याला येऊ नये. बालवाडीची रीत वर शाळेत शिरावी, शाळेची रीत खाली बालवाडीत उतरू नये, असा मी विकासवाडीचा अर्थ लावतो. वेस पाडण्याचा एवढा विचारपूर्वक प्रयत्न त्या काळात आपल्याकडे दुसरा मला आढळलेला नाही.

अंगणवाडी : अंगण आले, वाडी राहिली

ताराबाईंचे ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्राचे नाव 'अंगणवाडी'. बोर्डीच्या अंगणाशी या नावाचे नाते उघड आहे. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी हे सारे एका जागी आणणारी ही योजना तिच्या नावे ठेवणाऱ्यांना वाटते त्याहून फार मोठी आहे.

पण सरकारने अंगण घेतले आणि विकासवाडी सोडली. अंगणवाडी एका खात्याकडे, शाळा दुसऱ्याकडे. पाळणाघर तर दोघांच्याही यादीत नाममात्र. पहिलीच्या शिक्षकाला पगार मिळतो, अंगणवाडी सेविकेला 'मानधन'. तिचे काम मानाचे मानायचे आणि धन बेताचे द्यायचे. वजन, हजेरी, आहार यांच्या नोंदवह्या भरण्यात तिचा दिवस जातो, आणि गाणी-गोष्टींना उरेल तेवढा वेळ मिळतो. या बायकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, तेही २०२२ मध्ये.

कायद्यानेही वेस पक्की केली. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व होते. खालची वयोमर्यादा त्यात नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण सहा ते चौदा वयासाठी. सहाच्या आतले मूल मार्गदर्शक तत्त्वातच राहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तीन वर्षांपुढील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल' असे म्हटले. 'करील' असे नाही. हक्क मोठा झाला आणि बिगरीचा कोपरा कायद्यात गेला.

रिकाम्या जागा रिकाम्या राहत नाहीत. शहरांत बाजाराने ती भरली. इंग्रजी शिशुवर्गांच्या प्रवेशासाठी तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती होऊ लागल्या, आणि १९९६ मध्ये महाराष्ट्राला या प्रवेशांचे नियमन करणारा कायदा करावा लागला.

पुन्हा वेशीपाशी

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मेंदूच्या वाढीचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग सहाव्या वर्षाआधी होतो, असे सांगून तीन ते आठ या वयाचा एकच पायाभूत टप्पा आखला आहे. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र. कागदावर तरी वेस पाडली गेली आहे, आणि कोसबाडनंतर सहा दशकांनी का होईना, हे घडले याचा मला आनंद आहे.

मात्र वेस पडली की रस्ता दोन्ही दिशांनी मोकळा होतो. गाणी, माती आणि चिंचोके पहिली-दुसरीत जाऊ शकतात. तसेच वह्या, गृहपाठ आणि चाचण्या तीन वर्षांच्या मुलापर्यंत उतरू शकतात. यांतले काय घडेल हे धोरणाच्या भाषेवर ठरणार नाही. अंगणवाडी सेविकेला शिक्षिकेचा दर्जा आणि पगार मिळतो का, आणि पहिलीचा शिक्षक तिच्या अंगणात काही शिकायला जातो का, यावर ते ठरेल. शिवाय तीन वर्षांच्या आतले मूल याही आखणीबाहेरच उरले आहे. ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, बांधकामाच्या जागी ते आजही मोठ्या बहिणीच्या कडेवर आहे, आणि ती बहीण शाळेत नाही.