ट्रॉम्बेचं रॉकेल

आमच्या वणीत आजीच्या पिढीसाठी रॉकेल म्हणजे स्टोव्ह, कंदील आणि रेशनची रांग. त्याच घराण्यातलं, पण जास्त शुद्ध केलेलं तेल मुंबईत ट्रॉम्बेला प्लुटोनियम वेगळं काढायला वापरलं गेलं. ते कसं, ते आज ऐकू.

अणुभट्टीतलं जळालेलं इंधन नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवलं की धातूंची खिचडी होते. त्यात पाण्यात न मिसळणारं द्रावक घालायचं, घुसळायचं, थर वेगळे होऊ द्यायचे. हवा तो धातू द्रावकाच्या थरात येतो, नको ते खाली ॲसिडात राहतं. म्हणजे द्रावक चुकलं की सगळंच चुकलं.

युरेनियम नायट्रेट इथरमध्ये विरघळतं हे फ्रान्सच्या पेलिगोने 1842 मध्येच दाखवलं होतं. शंभर वर्षांनी अमेरिकेत अणुबॉम्बसाठीचं युरेनियम इथरनेच शुद्ध केलं. पण इथर 35 अंशांच्या आसपास उकळतं, आणि ठिणगी पडली की संपलंच. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ते सांभाळायचं कुणी?

मग 1952 मध्ये हॅनफर्डला हेक्सोन आलं. धातू द्रावकात ढकलायला त्याला भरपूर ॲल्युमिनियम नायट्रेट लागायचं. ते सगळं शेवटी किरणोत्सारी कचऱ्यात जायचं. माझ्या मते हा तोटा आगीपेक्षा मोठा, कारण आग विझते.

ट्रायब्युटिल फॉस्फेट, म्हणजे टीबीपी, इथे सरस ठरलं. ते सहज पेटत नाही, आणि ॲल्युमिनियमचं काम नायट्रिक ॲसिडच करतं, जे उकळून परत मिळवता येतं. फक्त ते घट्ट, वजनाला जवळपास पाण्याइतकंच, त्यामुळे थर लवकर सुटत नाहीत. म्हणून 30 टक्के टीबीपी आणि बाकी रॉकेलसारखं हलकं तेल.

होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली ट्रॉम्बेचा प्रकल्प याच पद्धतीवर उभा राहिला. 1964 मध्ये तो चालू झाला, जानेवारी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी उद्घाटन केलं. सायरस अणुभट्टीच्या इंधनातून इथे निघालेलं प्लुटोनियम 1974 मध्ये पोखरणला वापरलं गेलं.

टीबीपी काही साधूसंत नाही हं. किरणोत्साराने ते तुटतं, तुकडे धातूला धरून बसतात, म्हणून सोड्याने धुऊन मगच पुन्हा वापरायचं. आणि गरम ॲसिडात त्याचा अंश राहिला तर? 1993 मध्ये रशियात तोम्स्कजवळ अशीच एक टाकी फुटली. त्यामुळे ॲसिड आटवण्याआधी द्रावक काढून टाकतात, आणि तापमान साधारण 130 अंशांच्या पुढे जाऊ देत नाहीत.