साक्रीहून समुद्राकडे, दमणीतून

उठा, बैल जुंपून झाले. अजून फटफटलं नाही, कान नदीवरून गार वारा येतोय आणि धुरकरी केव्हाचा खोळंबलाय. साल साधारण 1650, फाल्गुन सरत आलाय. मोबाईल आणि गाडीची किल्ली घरीच राहू द्या. रुपये कमरेला घट्ट बांधा, दमणीत कडबा पसरलाय त्यावर गोधडी टाका आणि बसा. सुरतेपर्यंत हा धुरकरी आणि दोन बैल एवढीच सोबत.

निघण्याआधी बैलांना गोळे भरवलेत, गव्हाच्या पिठात तूप-गूळ मळून. तुमच्या फडक्यात ज्वारीची भाकरी आणि कांदा आहे. ओढायचं त्यांना आहे, तेव्हा कुरकुर करू नका.

उन्हं वर आली की दमणीतला प्रत्येक दगड तुमच्या मणक्याला कळतो. धूळ पापण्यांवर, दातांत, कानात. वाटेवरची म्हातारी हाळी देते, "कथा चालना भाऊ?" सुरत म्हटलं की ती तोंडावर पदर घेते आणि पाण्याचा तांब्या पुढे करते. घटाघटा प्या, पुढे घाट आहे.

कोंडाईबारीला उतरावंच लागतं. पळस पेटलेला, सागाची वाळकी पानं पायाखाली करकर मोडतात आणि कुठूनतरी मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास येऊन घशात बसतो. उतारावर धुरकरी गाडी मागे ओढून धरतो, तुम्हीही धरा. तळहात सोलतील. वाघाच्या धास्तीनं तो मोठमोठ्यानं बोलत राहतो, तुम्ही नुसतं हुं हुं केलंत तरी चालेल.

मग घंटा ऐकू येतात. आधी चार-दोन, मग सगळं रान किणकिणायला लागतं. तांडा येतोय! दमणी बाजूला घ्या, बैल सोडा, आज आणि कदाचित उद्याही मुक्काम इथेच. ज्याँ-बाप्तिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या पिंपळनेरवरून गेला होता. दहा-बारा हजार बैलांचे तांडे असतात आणि ते पुढे सरकेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. नायकाच्या गळ्यात मोत्यांची माळ असते, हेही. नीट बघा, दिसेल. बैलांच्या घामाचा उग्र दर्प, पोरांची रडारड, कुत्री, शेणात बरबटलेली वाट. एक गोणी उसवलीय, तिच्यातून खडे सांडताहेत. एक उचलून जिभेवर ठेवा. मीठ! समुद्र अजून डोळ्यांनी पाहिला नाही, पण तो असा बैलांच्या पाठीवरून घाट चढून आपल्या चुलीपर्यंत येतो.

नवापुरात मागांची खटखट आणि भाताचा वास. इथला तांदूळ बारीक, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा घमघमणारा, असं ताव्हर्निये लिहितो. भाकरी राहू द्या आज, हात धुवा आणि पानावरचा गरम भात बोटं भाजत खा.

व्यारा, बारडोली. डोंगर संपले, ताड सुरू झाले. हवा अंगाला चिकटते. सुरतेच्या वेशीवर जकातवाले गोधडीसुद्धा झटकून बघतात. मग गल्ल्या, हुक्के, हिंग, ओलं कापड आणि पाच भाषांतला आरडाओरडा. त्यातून वाट काढत तापीवर या. भरती चढलीय, नदी उलटी वाहतेय! जन्मभर पश्चिमेला जाताना पाहिलेली आपली तापी इथे खारं पाणी घेऊन परत येते. मोठी गलबतं नदीत शिरत नाहीत, ती सुवालीला उभी असतात. तिथवर चला. चाकं वाळूत रुततात, गलका मागे राहतो आणि समोर नुसतं पाणी.

आज साक्रीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 हजिऱ्याहून निघतो आणि सुवालीचा किनारा तिथून जवळ आहे. उधना-लिंबायतमध्ये खानदेशी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतोय, आपण लग्नाचा बस्ता बांधायला सुरतेला जातो आणि बहुतेक जण समुद्र न बघताच परततो. पुढच्या खेपेला तेवढी वाट वाकडी कराच.