चालकाची जागा

आमचे दादा अंगाने भरदार. उंची सहा फूट, वजन १२० किलोच्या आसपास. निवृत्तीनंतर त्यांनी एकच हौस बोलून दाखवली: एखादी जुनी गाडी घ्यायची, ती स्वतः चालवायची आणि धूलपेठेतून घरचा गणपती तिच्यातून आणायचा. आम्ही भावंडे शोधाला लागलो. पहिल्याच गाडीत दादांचे पोट स्टीअरिंगला टेकले, गुडघा दारात अडकला आणि बघ्यांपैकी कोणीतरी हसले. दादा उतरले आणि म्हणाले, "राहू दे, आपल्या मापाच्या गाड्या तेव्हा होतच नव्हत्या."

खरेच होत नव्हत्या का? आम्ही चौमहल्ला पॅलेसपासून सुरुवात केली. तिथली पिवळी रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली होती. पण गाडी येण्याआधीच, ऑगस्ट १९११ मध्ये, ते वारले आणि ती मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. लंडनच्या बार्कर कंपनीने तिची बॉडी बांधली. मागे निजामांसाठी सिंहासनासारखे उंच आसन आहे, म्हणूनच तिला 'थ्रोन कार' म्हणतात. एवढी थोरली गाडी पाहून आमच्या आशा पालवल्या. मग नजर पुढच्या सीटकडे गेली. मागची ऐसपैस जागा एका माणसाची, आणि तो माणूस गाडी चालवणारा नव्हे!

त्या काळच्या बड्या गाड्यांची रीतच अशी होती. मालक मागे, शोफर पुढे आणि मध्ये पडदी. ही पडदी चालकाच्या पाठीशीच असल्यामुळे त्याची सीट मागे सरकवायला वावच नसे. मागे मऊ लोकरी कापड आणि पुढे कातडे असे, कारण पुढच्या माणसाला ऊनपाऊस झेलावे लागेल हे गृहीतच होते. अनेक ब्रिटिश गाड्यांत गिअरचा आणि हातब्रेकचा दांडा चालकाच्या उजव्या हाताला, दाराच्या बाजूला असे. मग त्या बाजूने चढणे अवघड, म्हणून चालक डावीकडून चढून सरकत आपल्या जागेवर येई. शिवाय स्टीअरिंगचे चाक मोठे, कारण पॉवर स्टीअरिंग नव्हते आणि जड गाडी वळवायला तेवढी तरफ लागे. नामपल्लीकडच्या एका गॅरेजमधल्या वयस्क मिस्त्रींनी आम्हाला हे सगळे एका वाक्यात सांगितले होते: "भाईसाब, ये गाड्यां सेठ के वास्ते बने, डैवर के वास्ते नै."

मग मालक स्वतः चालवू लागल्यावर काय झाले? इंग्लंडमध्ये १९२२ साली ऑस्टिन सेव्हन आली, तीच आपली 'बेबी ऑस्टिन'. साध्या नोकरदाराला परवडावी म्हणून ती मुद्दामच चिमुकली केली होती. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सव्वासहा फूट, रुंदी चार फुटांहूनही कमी. इथे किंमत कमी करण्यासाठी जागा कमी झाली. दादांचा बूट तिच्या दोन पेडलांवर एकदम पडला असता.

अमेरिकेत मात्र गोष्ट वेगळी घडली. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या घरात बनली. ती शेतकरी, दुकानदार, डॉक्टर स्वतःच चालवत. तिच्यासाठी बाजारात एक जोडवस्तू मिळे. तिचे नावच 'फॅट मॅन व्हील'! हे चाक बिजागरीवर उचलून बाजूला करता येई. जाड माणसाने आधी नीट बसावे, मग चाक जागेवर आणावे. हे वाचून दादा पहिल्यांदा मोकळे हसले. शंभर वर्षांपूर्वीही त्यांच्या मापाचे चालक होते आणि त्यांच्या पोटाचा विचार करणारे कारागीरही होते. चालक हाच गिऱ्हाईक झाला, तेव्हा त्याचे माप घेतले गेले.

पुढे अमेरिकन गाड्यांत समोर सलग बाक आला आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर गेला. पायांपाशी जागा मोकळी झाली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९४७ पासून डॉज, प्लिमथ अशा गाड्या जोडल्या जात. त्या प्रशस्त खऱ्या, पण सुटे भाग मिळणे जिकिरीचे. प्रीमियरचीच फियाट ११०० सोयीची, पण रुंदी सुमारे १४६ सेंटिमीटर. उरली आपली अँबेसिडर! मॉरिस ऑक्सफर्डवरून उत्तरपाड्याला घडलेली ही गाडी १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. रुंदी सुमारे १६६ सेंटिमीटर, छत उंच, दार मोठे आणि जुन्या मॉडेलांत पुढे सलग बाक.

आम्हाला मिळाली ती १९७२ सालची. बाक पुरता मागे सरकवला आणि दादा बसले. पोट आणि चाक यांच्यात चार बोटे जागा उरली. ती आम्ही टेपने मोजली. बाक सरकला की शेजारचाही मागे जातो, एवढीच अडचण.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली मूळ स्थितीतली गाडी 'व्हिंटेज' ठरते. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, आणि अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. दादांना तर चालवायचीच होती, म्हणून आम्ही नेहमीच्याच नोंदणीचे नूतनीकरण केले. कोणाला अशी गाडी घ्यायची असेल तर आमचा सल्ला एवढाच: आधी रंग आणि इंजिन बघू नका. आधी पातळ तळाचे बूट घालून आत बसा, तिन्ही पेडल दाबा, चाक दोन्हीकडे पुरते फिरवा.

गेल्या चतुर्थीला दादांनी गाडी धूलपेठेला नेली. वहिनी मागे बसल्या होत्या, बाप्पा त्यांच्या मांडीवर. परतताना सिग्नलला शेजारच्या रिक्षातले एक पोरगे दादांकडे, मग मूर्तीकडे बघून हसले. दादांनीही त्याला हात केला आणि म्हणाले, "दोघंही एकाच मापाचे, नाही का रे?"